दबोरा, पाचव्या कारवीला

सकाळी सहाला फोन लावला, तू कापलास.
झोपली असशील, किंवा आवरत असशील कोर्टात जायला.
मेढ्यात लाइट नाही,
मधाच्या हिशेबाची वही अर्धी कोरी आहे,
म्हटलं लिहूनच काढू.

तर, वाढदिवसाच्या शुभेच्छा.
पस्तीस म्हणजे माझ्या मोजणीत पाच कारव्या.
तू झालीस त्या भाद्रपदात डोंगर असाच निळा-जांभळा होता
आणि मी वर पेट्यांपाशी,
तोंडावर जाळी, हातात धुराडं.
निरोप आणणारा पोरगा लांबूनच ओरडला,
जवळ यायची छाती नव्हती त्याची.
मला ऐकू आलं "मुलगी".
पुढचं माश्यांनी खाल्लं.

नाव मी नाही ठेवलं, हे आज सांगून टाकतो.
तुझ्या आईच्या मनात वाईच्या दवाखान्यातली सिस्टर होती,
दबोरा आवळे,
दोन रात्री जिनं तिचा हात सोडला नाही
आणि तिसऱ्या दिवशी बदली होऊन गेली, पत्ता न ठेवता.
पाळक रणपिसे म्हणाले, वा! न्याय करायची दबोरा,
खजुरीखाली बसून.
मी गप्प बसलो.
खजुरी इथं कुठली,
नाक्यावर शिंदी आहे एक,
तिच्याखाली संध्याकाळी भलतेच निवाडे होतात.

रेशनकार्डावर तू 'डबोरा शांतवन', लिंग पुरुष.
शाळेत डबा.
एकदा तू खरोखरचा डबा ओढ्यात सोडून आलीस,
भाकरीसकट,
आणि विचारलंस, मला स्वाती का नाही ठेवलं?
उत्तर होतं माझ्याकडं. दिलं नाही.

त्याच्या आधीची गोष्ट आहे.
तू तीन वर्षांची, तोंडातून शब्द नाही.
कुणी म्हणायचं पोपटाचा उष्टा पेरू द्या,
कुणी जिभेखाली बघायचं.
तेव्हा महाबळेश्वरला मध तपासायला
झिराडकर साहेब आले, अलिबागकडचे, बेने इस्राएल.
पोरीचं नाव ऐकून एवढे हसले की चष्मा काढला.
अहो, दवोरा म्हणजे मधमाशी!
माशीवाल्यानं पोरीचं नाव माशी ठेवलं!
इथली माशी कुठली?
म्हटलं, सातेरी.
मग ही सातेरी दवोरा, म्हणाले,
आणि आगकाडी मधात बुडवून
पेटीच्या झाकणावर लिहिलं, उजवीकडून डावीकडं,
पाच अक्षरं.
दवार म्हणजे शब्द, त्यातली अक्षरं हीच.
मूळ एकच म्हणतात काही, काही नाही म्हणतात.
मी हिशेबातला माणूस, मला विचारू नका.
चहा होईस्तोवर
मुंग्यांनी शेवटचं अक्षर नेलं होतं.

त्या रात्री तू झोपल्यावर
मी तुझ्या पाठीला कान लावला,
पावसाळ्यात बंद पेटीला लावतो तसा.
पेटी गप्प असली म्हणजे मेलेली नसते,
आत बारीक घूं चालू असते, ती ऐकायची.
होती.
आईलासुद्धा बोललो नाही मी हे.

साडेचार वर्षांची झालीस तेव्हा बोललीस.
आई नाही, बाबा नाही.
दुधाचा पेला पुढं केला तर
"नको."
आम्ही दोघं रडलो. दूध तसंच राहिलं.

आता साताऱ्याच्या कोर्टात
दुसऱ्यांचे निवाडे तू टाइप करतेस.
पाळक असते तर बोट वर करून म्हणाले असते, बघा.
तुझी आई शेवटपर्यंत
दर नाताळाला वाईची गर्दी न्याहाळायची,
पांढऱ्या केसांची कुणी उंच बाई दिसते का.
तिच्या हिशेबानं तुझं नाव
अजून कुणाला तरी परत द्यायचं राहिलंय.

दहाच्या एसटीनं बाटली पाठवतोय,
कंडक्टर ओळखीचा आहे, गोडोलीला उतरवून घे.
कारवीचा निघायला दिवाळी येईल,
हा जांभळाचा. थोडा कडवट लागतो.
फ्रिजमध्ये ठेवू नकोस.
बुचाला मेण लावलंय, सुरीनं नको, नखानं काढ,
आणि झाकणावर
मी ती पाच अक्षरं काढून बघितली.
आठवतील तशी. एखादं चुकलं असेल,

थांब, फोन वाजतोय.
हां. बोल, दबू.